पेडल मऊ लागतंय

मॅडमनी रफिकभाईंच्या अंगावर गाडीची किल्ली फेकली तेव्हा मी मॅडमच्या शेजारीच उभी होते. किल्ली रफिकभाईंच्या छातीला लागली आणि खाली ऑइल सांडलेल्या फरशीवर पडली. पाथर्डी फाट्याजवळचं रफिकभाईंचं गॅरेज, सकाळची वेळ, दोन-चार गिऱ्हाइकं उभी. सगळी वळून बघायला लागली. टायरमध्ये हवा भरणारं मशीन तेवढं मागे धडधडत राहिलं.

मला धक्का बसला तो किल्लीचा नव्हता. कितीतरी वर्षं मी या बाईंच्या गाडीतून सिन्नरच्या कंपनीत जात-येत होते आणि त्यांनी आवाज चढवल्याचं मला एकदाही आठवत नव्हतं. रागावल्या की त्यांचा आवाज उलट खाली यायचा. इतका खाली, की समोरच्याला आपला अपमान ऐकण्यासाठी पुढे वाकावं लागायचं. अशी बाई भर गॅरेजात ओरडली, "माणसं मारायची आहेत का तुम्हाला?"

रफिकभाईंनी किल्ली उचलली. पँटला पुसली. म्हणाले, "मॅडम, ब्रेक ठीक आहे. मी माझ्या हाताने बसवलाय."

आणि मॅडमना जगात कुठला शब्द सहन होत नसेल तर तो म्हणजे ‘ठीक’.

मॅडम आमच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होत्या. मी डिस्पॅचला. म्हणजे मी माल बाहेर काढणारी आणि त्या अडवणाऱ्या. तरी आमचं जमलं, कारण आम्ही दोघी इंदिरानगरला एकाच गल्लीत राहायचो आणि कंपनीची बस आमच्या बाजूने येत नव्हती. त्यांच्याकडे जुनी पांढरी गाडी होती. मी पुढे त्यांच्या शेजारी बसायची, मागे मेंटेनन्सचे भामरे. भामरे सटाण्याकडचे, गोल, हसरे. ते गाडीत डबा मांडीवर घेऊन बसायचे आणि मॅडमना जितके घाबरायचे तितकीच त्यांच्या पाठीमागे त्यांची नक्कल करायचे.

नक्कल करण्यासारखं पुष्कळ होतं. मॅडम गाडीत बसल्या की आधी चपला काढायच्या, कापडी पिशवीत घालून सीटखाली सारायच्या. गाडी कायम अनवाणी चालवायच्या. डिसेंबरातल्या नाशिकच्या थंडीत सुद्धा. गाडी सुरू केली की उजवा पाय ब्रेकवर ठेवून सावकाश दाबायच्या आणि क्षणभर डोळे मिटायच्या. भामरे मागून माझ्या खांद्याशी कुजबुजायचे, "नाडी बघतायत." मोहदरी घाट लागला की कुणी बोलायचं नाही, फोन घ्यायचा नाही, डबा वाजवायचा नाही. एकदा भामऱ्यांना घाटात शिंक आली तर ती त्यांनी दोन्ही हातांनी अशी दाबली, की पुढे दिवसभर त्यांचा कान दुखत होता.

पण मॅडमचं स्पर्शाचं ज्ञान खरं होतं, हे त्यांच्या शत्रूंनाही मान्य होतं. एकदा गेटवर ट्रक उभा, गिऱ्हाइकाचे फोनवर फोन, आणि मॅडमनी अख्खा माल अडवला. प्लँट हेड स्वतः खाली आले. म्हणाले, "मॅडम, मी बघितलाय माल. ठीक आहे. सोडा."

"ठीक म्हणजे नेमकं काय आहे, साहेब?"

मॅडमनी एक कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी भाग, उचललं, साहेबांचा अंगठा धरला, सरळ धरलाच, आणि आतल्या कडेवरून फिरवला. "लागलं काही?" साहेब म्हणाले, नाही. मॅडमनी स्वतःचा अंगठा तिथेच फिरवला. "मला लागलं. आता तुमच्या अंगठ्यावर माल सोडायचा की माझ्या, ते सांगा." शेवटी मोजमापाच्या खोलीत नेऊन तपासलं. तिथे बारीकसा तडा होता. डोळ्यांना न दिसणारा. मी तिथे ट्रकचे कागद हातात घेऊन उभी होते. साहेबांचा चेहरा पाहून मला हसावं की पळावं कळेना.

त्यांनी लग्न केलं नव्हतं. त्याची गोष्ट त्यांनी स्वतःच एकदा शिंदे टोलनाक्यावरच्या रांगेत सांगितली होती. त्यांचं माहेर चांदवडच्या बाजूचं, कांद्याची शेती. मुलगा बघायला आला. पोहे झाले, प्रश्न झाले. मग मुलाची आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "मुलगी तशी ठीक आहे." त्यावर मॅडमनी ट्रे खाली ठेवला आणि विचारलं, "ठीक म्हणजे नेमकं काय?" सांगताना त्या इतक्या हसत होत्या, की मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. "वडील म्हणाले, तुला ट्रॅक्टर शिकवला तिथंच माझं चुकलं."

अशी ही बाई. त्यांच्या गाडीच्या पुढच्या चाकांच्या ब्रेक-डिस्क झिजल्या.

ब्रेक दाबला की चाकातून किर्र आवाज यायला लागला होता. मॅडमनी गाडी नेहमीच्या गॅरेजात, रफिकभाईंकडे दिली. त्यांनी दोन्ही चाकांच्या नव्या डिस्क आणि नवे पॅड बसवले आणि सांगितलं, "चार-आठ दिवस जपून चालवा मॅडम. नवीन डिस्कला बसायला वेळ लागतो. एकदम जोरात ब्रेक नका मारू."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गाडीत बसलो. मॅडमनी पाय ठेवला, डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग म्हणाल्या, "पेडल मऊ लागतंय."

"नवीन आहे ना मॅडम," भामरे म्हणाले.

"नवीन वस्तू कडक असते भामरे. मऊ नाही."

संध्याकाळी त्यांनी गाडी गॅरेजात नेली. रफिकभाईंनी ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली. दोन दिवसांनी पुन्हा तेच. त्यांनी ब्रेक ऑइल बदललं. पुन्हा तेच. चाकं उतरवली, डिस्कच्या मागची जागा घासून गंज काढला, सगळं परत बसवलं. मॅडम तिथे स्टुलावर बसून बघत होत्या. गाडी बाहेर काढली, पाय ठेवला आणि मान हलवली.

"कणकेत पाय रुतावा तसं होतंय. खाली काही लागतच नाही."

रफिकभाईंनी स्वतः गाडी अंबडच्या वळणापर्यंत पिटाळून आणली, कचकन दाबून थांबवली. "मॅडम, बघा. जागच्या जागी थांबते."

"तुम्हाला थांबते."

हे ऐकून मी आणि भामरे गालात हसलो होतो. हसण्यासारखं काय होतं त्यात, ते आता आठवत नाही.

त्या शुक्रवारी आम्ही संध्याकाळी सिन्नरहून परत येत होतो. उजेड होता अजून. मोहदरी घाटाचा उतार सुरू झाला आणि नेहमीप्रमाणे गाडीत शांतता पसरली. पुढे एक ट्रॅक्टर चालला होता. त्याच्या ट्रॉलीत शेतावरून परतणाऱ्या बायका बसल्या होत्या. ट्रॉलीचं मागचं फळकं नव्हतंच, त्यामुळे कडेवर एका ओळीत बसून त्यांनी पाय बाहेर सोडले होते. चार-पाच जणींचे पाय, धक्क्याबरोबर हलणारे. त्या आपसात काहीतरी बोलत हसत होत्या. एक जण आमच्याकडेच बघत होती.

ट्रॅक्टरने वेग कमी केला. मॅडमनी ब्रेक दाबला. मी त्यांच्याकडे बघत नव्हते, मी त्या पायांकडे बघत होते, आणि ते पाय मोठे मोठे होत होते. गाडी हळू होत होती, पण पुरेशी नाही. मला वाटलं, आता दाबतील. आता दाबतील. मी स्वतः माझ्या बाजूला पाय रोवले, जणू तिथे ब्रेक आहे.

"मॅडम!"

बायकांनी किंचाळून पाय वर ओढले. सगळ्यांनी एकदम. आणि गाडी धाडकन ट्रॉलीवर आदळली. जिथे क्षणापूर्वी त्यांचे गुडघे होते तिथे आमचं बॉनेट होतं.

भामऱ्यांचा डबा उडून समोरच्या काचेवर आला. भाजीचे ओघळ काचेवरून खाली येत होते आणि त्यांच्यापलीकडे, हाताच्या अंतरावर, ती आमच्याकडे बघणारी बाई दोन्ही पाय छातीशी घट्ट धरून बसली होती. तिचं तोंड उघडं होतं. एक चप्पल आमच्या बॉनेटवर पडली होती. कुणाला लागलं नव्हतं. एकीलाही नाही. मला ते अजून खरं वाटत नाही.

ट्रॅक्टरवाला उतरून शिव्या देत आला. मॅडम दार उघडून खाली उतरल्या आणि तोल जाऊन दाराला लटकल्या. मला वाटलं, घाबरल्यात. त्यांनी बॉनेटवरची चप्पल उचलून त्या बाईच्या हातात दिली. गर्दी जमायला लागली तसं भामऱ्यांनी हात जोडून सगळं मिटवलं, स्वतः गाडी चालवत आम्हाला घरी आणलं. वाटेत मॅडम फक्त एकदा बोलल्या.

"मी दाबला होता. पूर्ण दाबला होता मी."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं चेपलेल्या बॉनेटची गाडी घेऊन रफिकभाईंच्या गॅरेजात उभे होतो. किल्ली फेकली ती तेव्हा.

रफिकभाई काही फार सोशिक गृहस्थ नव्हते. त्यांचे कान लाल झाले होते. "चार लोकांसमोर तुम्ही मला खुनी म्हटलं," ते म्हणाले. "आता चार लोकांसमोरच बघू." त्यांनी गाडी सुरू केली आणि एकेकाला ड्रायव्हरच्या सीटवर बसवायला सुरुवात केली. आधी भामरे. त्यांनी बूट घालून दाबला. "कडक आहे," ते चाचरत म्हणाले. मग मॅडमकडे बघून आपल्या सटाण्याकडच्या बोलीत उतरले, "मॅडम, ब्रेक चांगला शे." मग मी. मला गाडी चालवता येते थोडीफार. मी मुद्दाम मॅडमसारख्या चपला काढल्या. पाय ठेवला. पेडल थोडं खाली जाऊन दगडासारखं उभं राहिलं. एक अनोळखी गिऱ्हाईकही बसून आलं. त्यानेही मान डोलावली.

मला वाटलं, म्हणजे बाई म्हाताऱ्या झाल्या. आपला हट्ट सोडवेना म्हणून खोटं बोलतायत.

"बसा मॅडम," रफिकभाई म्हणाले. "दाबा."

मॅडम बसल्या. चपला काढल्या. उजवा पाय ठेवला, डोळे मिटले. "मऊ आहे," त्या म्हणाल्या, आता त्यांच्या नेहमीच्या खालच्या आवाजात. "मी खोटं कशाला बोलू? मऊच आहे."

मॅडमनी डोळे उघडले. खाली, स्वतःच्या पायाकडे बघितलं. मग त्यांनी उजवा पाय बाजूला घेतला, अंग थोडं तिरकं केलं, आणि डावा पाय ब्रेकवर ठेवला.

मी दारातून वाकून बघत होते. त्यांचा चेहरा माझ्यापासून इतका जवळ होता, की मला त्यांच्या कपाळावरचा घाम दिसत होता. डावा पाय दाबला. डोळे मोठे झाले. पुन्हा उजवा. पुन्हा डावा. मग त्यांनी वाकून पेडलच्या रबरावर बोट फिरवलं. त्या रबरावर घसरू नये म्हणून आडव्या रेघा असतात. बोट फिरवलं, डाव्या पायाचा तळवा फिरवला, उजव्या पायाचा फिरवला. पुन्हा उजव्याचा. तो मात्र त्या फिरवतच राहिल्या.

"रेघा," त्या म्हणाल्या. "या पायाला रेघा लागत नाहीत."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत मी त्यांना शुद्ध, तोलून मापून बोलतानाच ऐकलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून चांदवडची बोली आली.

"ब्रेक बरोबर हाय गं. पाय नाय."

रफिकभाईंनी हात आत घालून गाडी बंद केली. मॅडम उतरल्या, किल्ली काढली, दोन्ही हातांनी रफिकभाईंच्या ओंजळीत ठेवली. रफिकभाई गडबडले. "अरे मॅडम, असं काय करता," म्हणत त्यांनी आतून खुर्ची आणली, सीट आपल्या बाहीने पुसली. ज्यांच्यावर ते मघाशी पेटले होते त्यांनाच आता ते स्वतःच्या हाताने पाणी देत होते.

मग एकेक गोष्ट समोर आली. मॅडमच्या उजव्या पायातली चप्पल चालताना सुटायची आणि त्या चांभाराला दोष द्यायच्या. कंपनीच्या जिन्यात त्या दोनदा अडखळल्या होत्या, तेव्हा पायरी बांधणाऱ्याला. पण खरा हादरा मला बसला तो दवाखान्यात. डॉक्टरांनी त्यांचा पाय वर धरला तेव्हा तळव्याला एक मोठा, जुना होत आलेला फोड होता. भाजल्याचा. "हे कधी झालं?" डॉक्टरांनी विचारलं. मॅडमनी वाकून बघितलं. त्यांनी तो फोड पहिल्यांदाच बघितला होता. रात्री पायाशी घ्यायच्या त्या गरम पाण्याच्या पिशवीने पाय भाजला आणि या बाईला, जिच्या अंगठ्याला लोखंडातला केसाएवढा तडा कळायचा तिला, पत्ताच नव्हता.

मणक्यात खालच्या बाजूला गाठ होती. नसांवर दाबत होती. कॅन्सरची नव्हती. डॉक्टर म्हणाले, ही गाठ हळूहळू वाढते, म्हणून माणसाच्या लक्षात येत नाही. पाय जरा जरा कमी होत जातो आणि माणूस जरा जरा सवय करून घेतो. नव्या डिस्क बसवल्या नसत्या तर मॅडमनी ब्रेककडे इतकं लक्ष दिलंच नसतं. आणखी काही महिने गेले असते तर दोन्ही पाय गेले असते. हे ऐकून चांदवडहून आलेला त्यांचा भाऊ ऑपरेशन कधी करायचं ते विचारायला लागला. मॅडम मात्र डॉक्टरांच्या हातातल्या एमआरआयच्या फिल्मकडे टक लावून बघत होत्या. त्या पांढऱ्या डागाकडे. त्यांच्या तपासणीतून निसटलेली एवढी मोठी गोष्ट त्यांनी आयुष्यात पाहिली नसावी.

ऑपरेशन झालं. चालता येऊ लागलं, आधी भिंतीला धरून, मग काठीने. उजव्या तळव्याला मात्र संवेदना पूर्ण परत आली नाही. गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि मॅडमनी ते एका शब्दानेही वाद न घालता ऐकलं. त्याचाही मला धक्काच बसला.

त्या कामावर परत आल्या तेव्हा गाडी तीच, पण चालवायला भामरे. मॅडम पुढे डावीकडे, मी मागे. भामऱ्यांचे ते दिवस फार वाईट गेले. "भामरे, मागचा घाईत आहे, आपण नाही." "भामरे, पाय क्लचवर विसावायला नाही ठेवत." एकदा भामरे मला म्हणाले, "या चालवायच्या तेव्हाच मी जास्त सुरक्षित होतो."

मग एका शनिवारी, परतताना, घाट उतरल्यावर मॅडम म्हणाल्या, "थांबवा. त्या बायका इथल्याच कुठल्यातरी वस्तीवरच्या असतील. मला त्यांना भेटायचंय."

आम्ही समजावलं, पण ऐकतील तर त्या मॅडम कसल्या? चहाच्या टपरीवर विचारलं, ट्रॅक्टरचं वर्णन केलं. टपरीवाल्याने आतल्या कच्च्या रस्त्याकडे बोट दाखवलं. वस्तीवर तो ट्रॅक्टर उभाच होता, ट्रॉली जोडलेली, आणि बायका पाण्याच्या टाकीपाशी हातपाय धूत होत्या. मॅडम काठी टेकत त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. त्या किती दिवस हे वाक्य जुळवत होत्या कोण जाणे.

"घाटात तुमच्या ट्रॉलीला मागून पांढरी गाडी धडकली होती ना. ती मी चालवत होते. माझ्यामुळे तुमचे पाय गेले असते. माफी मागायला आलेय."

बायकांनी एकमेकींकडे बघितलं.

"पांढरी?" एक म्हणाली. "का गं, लाल व्हती ना ती?"

"लाल दिवाळीच्या येळची. पांढरी म्हंजी... तो डॉक्टर का?"

"न्हाई, त्याची तर जीप व्हती."

मग त्यांच्यातली थोराड बाई मॅडमना समजुतीच्या सुरात म्हणाली, "बाई, पांढऱ्या लय येत्यात. आमी पाय वर घेतो अन् काय. तुमी नका मनाला लावून घेऊ."

मी मॅडमकडे बघितलं. गॅरेजमध्ये डावा पाय ब्रेकवर ठेवताना झाला होता तसा त्यांचा चेहरा झाला होता. त्या संध्याकाळी आम्ही घाबरून अर्धमेले झालो होतो, कितीतरी रात्री मला ते लोंबणारे पाय दिसत होते, आणि ज्यांचे ते पाय होते त्यांना आमची गाडी आठवतसुद्धा नव्हती.

मॅडम वळल्या, काठी टेकत ट्रॉलीपाशी गेल्या, मागे जाऊन उभ्या राहिल्या. मग ट्रॅक्टरवाल्याला हाक मारली. तो आला, आम्हाला ओळखून जरा सावध झाला.

"याचं मागचं फळकं कुठंय?"

"हाय ना. वासरांच्या गोठ्याला लावलंय आडवं."

"काढा."

"अं?"

"काढा आणि इथं बसवा. मी थांबते." त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि टाकीच्या कठड्यावर बसल्या. काठी मांडीवर आडवी घेतली. ट्रॅक्टरवाला हसला, मग माझ्याकडे बघून डोक्यावर हात मारला, मग भामऱ्यांकडे बघितलं. भामरे म्हणाले, "दादा, मी पाना आणतो गाडीतला. ह्या उठायच्या नाहीत."

फळकं गंजलं होतं, बिजागरी वाकली होती. तास-दीड तास ठोकाठोकी चालली. वासरं मोकळी सुटली ती बायकांनी धरून बांधली. शेवटी फळकं उभं राहिलं, मॅडमनी उठून ते हाताने गदागदा हलवून बघितलं, बिजागरी आणखी एकदा आवळायला लावली आणि म्हणाल्या, "आता बसून दाखवा."

दिवसभर राबून दमलेल्या बायका, कपाळाला आठ्या घालत, पदर खोचत ट्रॉलीत चढल्या. कडेवर बसायची सवय. आत बसल्या तर गुडघे एकमेकींना लागायला लागले, एकीने दुसरीला ढकललं, हशा झाला. ती थोराड बाई फळक्यावर कोपरं टेकून वैतागून म्हणाली,

"अवो बाई, मंग आता पाय कुठं ठेवायचे?"

"आत," मॅडम म्हणाल्या.